ड्रममधल्या सासूबाई

मोठा फोटो घरच्या घरी कसा छापायचा, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं! असं मी त्या सकाळी बायकोला छाती फुगवून सांगत होतो.

"आधी एक छापून तर दाखवा," ती म्हणाली.

त्या दिवशी सासरेबुवांचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचा खळखळून हसतानाचा एकच फोटो होता, तोही तळहाताएवढा. त्याची निगेटिव्ह मला सापडली होती. फोटो चांगला हातभर मोठा करून सासरेबुवांना द्यायचा बेत होता. अडचण एकच! मोठा रंगीत कागद एकुलता एक उरला होता आणि दुकानात महिनाभर तरी नवा येणार नव्हता.

या कागदाला लाल दिवासुद्धा चालत नाही. ठार अंधारात तो ड्रममध्ये, म्हणजे एका बंद नळकांड्यात, सरकवायचा, झाकण लावायचं, मग दिवा लावून झाकणातल्या भोकातून फोटो उमटवणारं औषध ओतायचं आणि ड्रम जमिनीवर लोळवत राहायचं. चूक नको म्हणून मी दोन दिवस जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन डोळे मिटून सराव केला होता. तयारी म्हणजे तयारी!

न्हाणीघरात अंधार केला. निगेटिव्हमधून कागदावर उजेड पाडला, कागद उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवला, चाचपडत ड्रम शोधला, कागद उचलून आत सरकवला, झाकण लावलं. औषध ओतलं आणि ड्रम पॅसेजमध्ये आणला.

"काही जोर लागत नाही," मी बायकोला म्हणालो. "नुसतं असं बोटानं ढकलायचं!"

ढकललं. औषधाच्या वासापायी तिनं पुढचं दार सताड उघडं ठेवलं होतं. ड्रम दारातून बाहेर पडला, जिन्यावरून धडाधड उतरला आणि वेळेआधीच आलेल्या सासरेबुवांच्या पायाशी जाऊन थांबला!

सासरेबुवा जन्मभर नळांचे फिटर. गळणारी वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात.

"जावईबापू, हे गळतंय! वॉशर गेलाय!"

"बाबा, उघडू नका!"

"अहो, उघडल्याशिवाय कळणार कसं?" म्हणत त्यांनी लख्ख उजेडात झाकण काढलंसुद्धा!

मी धावत खाली पोचलो, पण उशीर झाला होता. बायको रडवेली झाली. "बाबा, त्यात आईचा फोटो होता हो! तुमच्यासाठी!"

सासरेबुवांचा चेहरा पडला. त्यांनी आतला ओला कागद बाहेर काढला, चष्मा नीट केला.

"ही तुझी आई नाही गं," ते म्हणाले. "हा मागच्या वर्षीचा जुलै आहे!"

म्हणजे अंधारात मी सरावाचं पानच आत सरकवलं होतं! मी एका दमात न्हाणीघरात. दिवा बंद. डब्यात हात घातला, तर खरा कागद जागच्या जागी! इतकं हायसं वाटलं, की अंधारात मी त्या डब्यालाच हात जोडले.

बाटलीत औषध उरलं होतं. या खेपेला झाकण सासरेबुवांनी आवळलं आणि ड्रमही त्यांनीच लोळवला. मला हातसुद्धा लावू दिला नाही. फोटो बाहेर आला तसे ते बराच वेळ बघत राहिले.

"पाइप फुटून मी नखशिखांत भिजलो होतो," ते म्हणाले, "तेव्हाचं हसू आहे हे."

तो फोटो आता त्यांच्या खोलीत आहे. पाहुण्यांना मी छाती फुगवून सांगू लागलो, "हा घरी छापलाय बरं का!" की बायको आतून वाळवून ठेवलेला जुलै घेऊन येते.

"आणि हा," ती म्हणते, "ह्यांनी एकट्यानं केलेला!"