बुधवारी दम लागणारी गाडी

गाडी जिवापाड जपायची, असं ताईनं ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं.

ताई म्हणजे घरातली थोरली लेक, टेकडीवरच्या कॉलेजात नुकतीच शिकवायला लागलेली. दाराची बेल वाजली की दचकणारी (बेल तिनंच दाबलेली असली तरी). अशा मुलीनं लायसन्स काढलं ह्याचं कौतुक ओसरतंय, तोच बाबांनी तिला दिलेली गाडी चढावर नांगी टाकू लागली. रेस दाबावी, तर पिकअप घेण्याऐवजी नुसते उसासे! एकदा एक सायकलवाले आजोबा तिला मागे टाकून गेले आणि वळून म्हणाले, "सावकाश या हं, घाई नाही."

बरं, हे रोजचं म्हणावं, तर तसंही नाही. मिस्त्रीकाकांच्या गॅरेजात तीनदा नेली, तिन्ही वेळा गाडी शहाण्या बाळासारखी पळाली. काकांनी प्लग पाहिले, फिल्टर पाहिला, डॉक्टरसारखा कान लावून इंजिन ऐकलं. पण उगाच एक स्क्रूही बदलला नाही.

"दोष गाडीत नाही, पायात आहे," बाबा म्हणाले. "शनिवारी गिऱ्हाईक येतंय. विकून टाकू."

"मग मी कॉलेजात कशी जाऊ?"

"बसनं. बस दचकत नाही."

उभ्या आयुष्यात न घाबरता करता येईल असं गाडी चालवणं हे एकच काम ताईला सापडलं होतं. (म्हणजे, कमी घाबरून.)

शुक्रवारी ती शेवटचा प्रयत्न म्हणून गॅरेजात गेली. बाबा मागच्या सीटवर साक्षीदारासारखे बसले होते. ताईनं काकांपुढे वही ठेवली. गाडीनं दगा दिला की ती तारीख, वेळ, हवा, पेट्रोल सगळं लिहायची. स्वतःच्या नाडीचे ठोकेसुद्धा.

काकांनी हात पुसले आणि एकेका ओळीवर बोट ठेवत वही वाचली. एवढ्या आस्थेनं तिचा प्रबंधही कुणी वाचला नव्हता.

"सोमवारी कधीच नाही. बुधवारपासून वाढत जातं," ते म्हणाले. "रविवारी गाडीचं काय करता?"

"धुते. मॅट झटकून सरळ लावते."

"कुठलं मॅट? मला तर एकही दिसलं नाही."

"इथं येताना काढून डिकीत ठेवते ना! तुमच्या बुटांचं तेल लागेल म्हणून..."

बाबा खोकले. काका हसलेसुद्धा नाहीत. केवढा मोठा माणूस!

डिकीतून ऐवज निघाला: मूळचं रबरी मॅट, ते झिजू नये म्हणून वर घालायचं मखमली, आणि मखमल मळू नये म्हणून त्यावर काथ्याचं पायपुसणं. रोजच्यासारखं सगळं लावून काका शेजारी बसले. उतारावर चारदा ब्रेक मारल्यावर तिन्ही थर सरकत सरकत पेडलखाली जाऊन बसले.

"आता दाबा रेस."

पेडल अर्ध्यावरच अडलं. इंजिननं उसासा टाकला.

न बोनेट उघडता, न पाना उचलता! ताईला काकांच्या पाया पडावंसं वाटलं, पण पायाशी पायपुसणं होतं.

"अगं, ते न्हाणीघराजवळचं!" बाबा ओरडले. "तुझी आई दोन महिने शोधतेय! मी दोनदा घसरलो!"

काकांनी तिन्ही थर मागे बाबांच्या मांडीवर दिले. "आता चढावर घ्या. दाबा."

ताईनं सवयीप्रमाणे सगळा जोर लावून दाबलं. गाडी बाणासारखी सुटली.

"आई गं!" ताई किंचाळली आणि तिनं पाय उचलून थेट सीटवर घेतला. चढाच्या मध्यावर गाडीनं पुन्हा मान टाकली.

काकांनी शांतपणे हँडब्रेक ओढला. "ताई, हा दुसरा दोष. ह्याचा पार्ट येत नाही."

मागे मांडीवरचं पायपुसणं सावरत बाबा गिऱ्हाइकाला फोन लावत होते. "हो, गाडी ठणठणीत आहे, म्हणून विकत नाही... दोष? सापडला ना. पण तो आमच्या घरचाच निघाला, ठेवून घेतोय."