एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

दादाराव माणसाला नाव विचारण्याआधी एक आकडा ऐकवतात. आकडा नेहमी एकच: एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. देवळी गावात आमची दुकानं लागून आहेत, त्यांचं हार्डवेअरचं, माझं चपलांचं. त्यामुळे हा आकडा माझ्या कपाळी कायमचा आला.

गिऱ्हाईक खिळे मागतं. दादाराव खिळे मुठीत दाबून म्हणतात, "देतो ना बाप्पा. पयले सांग, याले दोनानं गुणलं तं?" त्यानं तोंड उघडायच्या आत हेच ओरडतात, "दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशे चौदा! तेच सहा आकडे! बाहेरचा एक आला नाई, घरातला एक गेला नाई. निस्ती जागा बदलून राह्यले!" सहापर्यंत कितीनंही गुणा, हेच. सातानं गुणलं की सगळे नऊच येतात, पण तो विषय काढला की दादाराव खवळतात. "सातावर जाताच काऊन तुमी?" एवढ्याशा भांडवलावर हा गृहस्थ गावात गणिती म्हणून मिरवतो, याची मला चीड येते.

स्वतःच्या पोराच्या लग्नात तर कहर केला. पंगतीत जिलबी वाढून झाली आणि यांनी ओळीनं सहा जणांना एकेक आकडा वाटला. नवरीचे मामा एक, त्यांच्या शेजारी मी चार, शेवटी कोणीतरी सात. "दोनानं गुणलं! एक अन् चार, उठा, तिकडं साताच्या बाजूले बसा!" मामांचे गुडघे दुखरे. पत्रावळ घेऊन उठताना वरण पांढऱ्या पायजम्यावर सांडलं. अख्ख्या मांडवात मजा एकट्या दादारावांना येत होती. नाही, शांतावहिनींनाही. त्यांची बायको. पोळ्यांची परात घेऊन त्या थांबल्या आणि हसत म्हणाल्या, "आता तिनानं. चार लाख अठ्ठावीस हजार पाचशे एकाहत्तर!" या माणसाला उत्तर देणारं गावात हे एवढं एकच माणूस. बाईनंच त्यांना लाडावून ठेवलं, हे माझं स्पष्ट मत.

मध्यंतरी वहिनींना लकवा मारला. माणसं ओळखत, पण शब्द फुटेना. रोज बोलतं करा, येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले. मी सावंगीच्या दवाखान्यात भेटायला गेलो, तर दादाराव खाटेजवळ त्यांचा हात धरून बसलेले. वाटलं, निदान इथे तरी माणसासारखं बोलतील. कसलं काय!

"दोनानं गुणलं तं?" ते विचारत होते.

वहिनींचे ओठ थरथरले. "दो... दोन..." बऱ्याच वेळानं, "लाख." पुढचं काही केल्या येईना. डोळे भरून आले.

मला ते बघवेना. उत्तर तर मला झोपेतही पाठ. मी बोलून गेलो, "पंच्या..."

दादारावांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"सांगू नोका भाऊ. तिले येते."

आणि गिऱ्हाइकाला श्वासही घेऊ न देणारा तो माणूस वहिनींच्या ओठांकडे बघत गप्प बसून राहिला.