रुग्णवाहिकेवाल्याचा कोट

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या त्या हेडक्लार्कना सगळी गल्ली 'कर्नल' म्हणायची. आयुष्यात त्यांनी छऱ्याची बंदूकसुद्धा हातात धरली नव्हती. पण जुन्या लढाईतले गणवेश, टोप्या, मदतपथकांच्या हातपट्ट्या यांनी मागची खोली इतकी गच्च भरली होती, की आत शिरणाऱ्याला सैनिकांच्या रांगेत अंग चोरून उभं राहावं लागे. "कापडाला बोट लावलं की मी त्याचा इतिहास सांगतो," असं ते छाती फुगवून म्हणत. आणि सांगतही. ऐकणाऱ्याची सुटका नसे.

संग्रहातला मानाचा नग म्हणजे मदतपथकातल्या रुग्णवाहिका चालकाचा खाकी कोट. भंगारवाल्याकडे मिळालेला. छातीवर तपकिरी डाग. जखमी जवानाला खांद्यावरून आणताना लागलेलं हे रक्त, असं कर्नलनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढे पुढे सांगता सांगता एका जवानाचे दोन झाले आणि मागे पूलही कोसळू लागला.

वर्तमानपत्रात त्या कोटाचा फोटो आला आणि एका बाईंचा फोन आला. वडील याच पथकात गाडी चालवायचे. लढाईतून ते परतले नाहीत, त्यांचं सामानही नाही. फोटोत नीट दिसत नाही, पण प्रत्यक्ष पाहिला तर ओळखीन, म्हणाल्या. कर्नलना आभाळ ठेंगणं झालं. कोट त्यांचाच निघाला तर देऊन टाकीन, असंही ते भरात कबूल करून बसले.

घोळ घातला तो बायकोनं, आणि तोही चांगल्या मनानं. कर्नल बाहेर गेलेले पाहून तिनं कोट ड्रायक्लीनरकडे टाकला. तो आला तो नवऱ्यामुलासारखा झुळझुळीत होऊन! डाग साफ गेला होता. शिवाय दुकानदारानं आपल्या पदरचं पुण्य म्हणून एक वेगळंच दिसणारं काळं बटण काढून इतरांसारखं पितळी लावून दिलं होतं.

"अहो, बापाचा कोट असा मळका दाखवायचा का लेकीला?" बायकोनं विचारलं.

पाहुणी दुपारी यायची होती. कर्नल कोट घेऊन स्वयंपाकघरात शिरले. बिटाच्या रसानं कोटाला बाळाच्या झबल्याचा गुलाबी रंग आला. त्यावर आयोडीन ओतलं, ते ओघळलं. ओघळ लपवायला बूटपॉलिश. शेवटी डाग छातीवरून कमरेपर्यंत पोचला. जवान सोडा, अख्खी तुकडी कोटावर सांडल्यासारखी दिसत होती.

पाहुणी आली. पन्नाशीची, शांत बाई. कोट पाहून आधी दचकली. मग जवळ जाऊन तिनं एकेक बटण चाचपलं, कॉलर उलटून पाहिली आणि हात मागे घेतला.

"हा त्यांचा नाही," ती म्हणाली. "रजेवर आले होते तेव्हा मी मांडीवर उडी मारली आणि सगळा चहा त्यांच्या छातीवर सांडला. आई धुवायला निघाली तर म्हणाले, राहू दे, तिकडे पोरीची आठवण होईल. एक बटण तुटलं होतं, तिथं आईनं घरातलं काळं लावलं होतं." तिनं त्या डागाकडे पुन्हा पाहिलं. "हे ज्याचं असेल, त्याचे फार हाल झाले असतील हो."

बायकोनं पदर तोंडाला लावला. बाई नमस्कार करून जिना उतरली, तरी कर्नल जागचे हलले नाहीत. मग एकदम कोट उचलून धावत सुटले.

रस्त्याच्या वळणावर त्यांनी तिला गाठलं आणि धापा टाकत सगळं सांगितलं: ड्रायक्लीनर, बीट, आयोडीन, पॉलिश, काळं बटण, दुकानदार. आयुष्यात पहिल्यांदाच एका कोटाचा खरा इतिहास त्यांच्या तोंडून बाहेर पडत होता, आणि तो कुठल्याही थापेपेक्षा खोटा वाटत होता.

बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग कोटाची बाही हळूच त्यांच्या हातावर नीट ठेवली.

"काका, तुम्ही फार चांगले आहात," ती म्हणाली. "पण मला बरं वाटावं म्हणून असं काही रचू नका."

आणि ती निघून गेली. इतक्या वर्षांत बायकोसकट कुणीच कर्नलना चांगलं म्हटलं नव्हतं.