एकांताला सोबत

आमची ऋतुजा एखाद्या वस्तूकडे मान तिरकी करून बघायला लागली, की ती वस्तू घरातून गेलीच म्हणून समजायचं. आधी तिची गादी गेली. मग कपाट, मग कपाटातले कपडे, मग खोलीतला एसी. दर वेळी प्रश्न एकच, "एवढं लागतंय कशाला?" उत्तराची वाट ती बघत नाही. आपण विचार करून काहीतरी सांगायला जावं, तोवर ती वस्तू कुणाच्या तरी घरी पोचलेली असते. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या सुमनकडे आज जेवढे चांगले ड्रेस आहेत, तेवढे माझ्या वहिनीकडेही नसतील.

मी ऋतूची आत्या, शालन. मला नेसरीला दिलं होतं. मालक लवकर गेले आणि पंचवीस वर्षांपूर्वी मी कोल्हापूरला दादाकडे परत आले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, ऋतूचा बाप. त्याची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, लोखंड वितळवून त्याचे पार्ट ओततात. बंगला मोठा, माणसं अकरा, आणि सगळ्यांचे आवाज भट्टीपाशी उभं राहून बोलल्यासारखे. आमच्याकडे कुणी हळू बोललं तर त्याला तब्येत विचारतात. अशा घरात ही पोरगी वाढली, इंजिनिअर झाली, बापाच्याच लॅबमध्ये तीन वर्षं नोकरी केली, आणि निघाली अशी की दिवसाला वीस वाक्यं बोलली तरी खूप झालं. त्यातली दहा "एवढं लागतंय कशाला?" हीच असायची.

सांगलीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बरा होता, मुकाट बसला होता. त्याची आई मात्र फ्लॅट किती, गाड्या किती, फार्महाऊसवर आंब्याची झाडं किती, असं सांगत सुटली. ऋतूनं मान तिरकी केली तशी मी घाईनं पोह्यांची बशी पुढं सरकवली. तिनं त्या बाईंना अगदी मनापासून, काळजीनं विचारलं, "एवढं लागतंय कशाला?" पाहुणे पोहे तसेच टाकून उठले. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही, आणि त्या दोन दिवसांत ती एवढी खुशीत होती की दादालाच वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी राधानगरीच्या जंगलात जातो ऱ्हायला. एकटी." आमच्याकडच्या पोरी जातो-येतो असंच बोलतात, त्यात काही नवल नाही. नवल पुढच्याचं.

वहिनी म्हणाली, "जा की. पण एकटी जायाचं तर सोबत कोण?"

यावर तीन संध्याकाळी बैठका झाल्या. मी चहा करत होते, त्यामुळे मला निकाल तेवढा कळला. ऋतूनं तीन महिने एकांतात राहायचं आणि मी तिच्याबरोबर राहायचं. तिनं तीन महिने पुरे केले तर घरात कुणी स्थळाचं नाव काढायचं नाही. मधेच परत आली तर घरचे म्हणतील तिथं मुकाट्यानं बोहल्यावर चढायचं. मला कुणी विचारलं नाही. तशी आमच्याकडे पद्धत नाही आणि मलाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी दादानं मला बाजूला घेतलं. "शाले, तिनं जरा कुरकुर केली, शिंकली जरी, तरी फोन टाक. दोन तासांत गाडी घिऊन येतो."

म्हणजे पोरीच्या लग्नाचा निकाल माझ्या एका फोनवर. खरं सांगते, मी मनातल्या मनात हिशेब केला, आठवडाभरात परत. माझं भजनी मंडळ होतं, संध्याकाळच्या मालिका होत्या, आणि समोरच्या काकूंबरोबरचा चार वाजताचा चहा होता. झाडांना बघून मला काय करायचं होतं?

ऋतूचं सामान एका पिशवीत मावलं. घरच्यांनी तिच्या एकांतासाठी जे दिलं, त्याला टेम्पोच्या दोन खेपा लागल्या. शेगडी, दोन सिलिंडर, इन्व्हर्टर, मिक्सर, घडीची कॉट, चटणीच्या तीन बरण्या, लोणचं आणि मी.

भाड्यानं घेतलेलं घर धरणाच्या पलीकडे, रान जिथं दाट होतं तिथं. घरमालक पुण्याला गेलेला. दोन खोल्या, बाहेर बसायला सोपा, पुढं अंगण. जवळचं घर म्हणजे धुळाप्पा धनगराचं, पायी पंधरा मिनिटं. तो रोज संध्याकाळी म्हशीचं दूध आणून द्यायचा. फोन लागायला मागच्या टेकाडावर चढावं लागायचं आणि माझे गुडघे तर असे.

पहिल्याच दिवशी ऋतूनं नियम सांगितला. सकाळी दहापर्यंत मौन. ती अंगणापुढच्या खडकावर जाऊन डोळे मिटून बसायची. मी घरात. आता माणसानं उठल्यापासून दहापर्यंत बोलायचं नाही म्हणजे काय? मी कढईशी बोलायला लागले. ऋतूनं खडकावरून बोट ओठावर ठेवून दाखवलं. मग मी कढईशी नुसती मान हलवून बोलायला लागले.

एकदा दहा वाजल्यावर मी विचारलं, "एवढं बसून काय मिळालं?"

"काय न्हाय."

"मग बसतीस कशाला?"

"काय न्हाय मिळायला लई येळ लागतो, आत्या."

चूल पेटवायचा हट्ट तिचाच. शेगडी तिनं पहिल्या आठवड्यात धुळाप्पाच्या सुनेला देऊन टाकली. चौदाशे डिग्रीला लोखंड ओतणाऱ्या बापाची लेक, पण चार काटक्या पेटवताना तिचे डोळे, नाक आणि माझा जीव असं सगळं एकदम वाहायला लागायचं. शेवटी मी फुंकर घालायचे आणि ती वहीत लिहून घ्यायची, फुंकर कुठून घातली, किती वेळ घातली. लॅबची सवय. पंधरा दिवसांत तिची भाकरी फुगायला लागली. त्या दिवशी ती दिवसाची ठरलेली वीस वाक्यं ओलांडून गेली.

रानातल्या सगळ्यांना ती पावणं म्हणायची. माकड आलं की "बसा पावणं", भिंतीवर पाल दिसली की "पावणं, जरा सरा की". खरे पावणे मात्र रविवारी यायचे. कोल्हापुरात बातमी पसरली होती की फाउंड्रीवाल्यांची पोरगी एकांतात बसली आहे, आणि एवढी चांगली गोष्ट बघायला जायचं नाही म्हणजे काय? पहिल्या रविवारी घरचे नऊजण आले. दुसऱ्या रविवारी वहिनीच्या माहेरचे आले, येताना मटण आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पातेली घेऊन. एक काका तर खडकावर ऋतूच्या शेजारीच जाऊन बसले आणि तासभर एकांताचे फायदे सांगत होते. ती निमूट ऐकत होती. मला वाटलं, आता ही भडकणार, मी टेकाड चढणार. पण ती उठली आणि बावीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या. माणसाला जेवल्याशिवाय दारातून जाऊ द्यायचं नाही, ही एक गोष्ट तिला कधी जास्तीची वाटली नाही.

गव्याचं सांगायलाच हवं. पावणेदहा झाले होते. ऋतू खडकावर डोळे मिटून. मी परसात लावलेली मेथी बघायला गेले तर काळा डोंगर उभा. गवा. मेथी संपवून तो डुलत डुलत खडकाकडे निघाला. मी शब्द दिला होता ना, दहापर्यंत बोलणार नाही म्हणून. मी टाळ्या वाजवल्या. ऋतूनं डोळे न उघडता बोट ओठावर ठेवलं. मी परात बडवली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. गवा तिच्यापासून चार हातांवर थांबला, फुस्स करून श्वास सोडला. मग मात्र मी साध्या आवाजात म्हणाले, "ऋते, गवा."

तिनं डोळे उघडले, समोर बघितलं, आणि बारीक आवाजात विचारलं, "दहा वाजलं का?"

गवा आम्हा दोघींकडे बघून निघून गेला. त्यानंतर ऋतूला खडकावरून मीच उतरवून घरात आणलं. तरी कुरकुर म्हणून नाहीच.

दीड महिना झाला आणि तिला ताप आला. थंडी कडाक्याची, त्यात गार पाण्यानं अंघोळ. धुळाप्पानं मोटारसायकलवर बसवून डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, घाबरायचं काही नाही, पाच दिवस गोळ्या आणि विश्रांती. घाबरायचं काही नव्हतं हे मलाही दिसत होतं. पण मला घरी जायचं होतं आणि इतकं चांगलं निमित्त पुन्हा मिळणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोन घेऊन निघाले.

"घरी फोन कराय चाललीस?" ऋतूनं अंथरुणातून विचारलं.

"व्हय."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. तिनं एका शब्दानं तरी अडवायला हवं होतं, म्हणजे मला रागवता आलं असतं.

टेकाडावर फोन लागला. मी तापाचं सांगितलं. दादा म्हणाला, "आत्ता निघतो. तुझं गुडघं काय म्हणत्यात? तरी मी तिला सांगत हुतो. आपला वॉचमन आणि त्याची बायको, दोघं जायाला तयार हुती. शालनला कशाला तरास, म्हणालो. पण ही ऐकती का? आत्या येणार असंल तरच जातो, न्हायतर जातच न्हाय, म्हणून तीन दिवस अडून बसली."

"कोण अडून बसली?"

"तुझी भाची. काढू का गाडी?"

मी म्हणाले, "थांब जरा. परत फोन करते." आणि खाली आले. इतके दिवस मी समजत होते की मला तिच्यावर राखणीला बसवलंय.

ऋतू उठून बसली होती. मी सरळ विचारलं, "मला का आणलंस ग?"

ती म्हणाली, "आत्या, आपल्या घरात तुझी खोली कंची?"

"हे काय इचारणं झालं? सगळं घर माझंच की."

"खोली कंची?"

मी सांगायला लागले. उन्हाळ्यात हॉलमध्ये. पोरांच्या परीक्षा असल्या की त्यांच्या खोलीत, त्यांना पहाटे उठवायला. वहिनीची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दोन वर्षं तिच्या पायथ्याशी. पाहुणे असले की स्वयंपाकघरात. माझी पेटी जिन्याखाली. सांगता सांगता माझं मलाच ऐकू यायला लागलं आणि मी थांबले.

"मी ल्हान हुतो तवा तू न्हाणीत नळ सोडून रडायचीस," ऋतू म्हणाली. "मला भाईर ऐकू यायचं. आणि तेवढ्यात कोणतरी दार वाजवायचं, पाणी जातंय म्हणून. तू तोंड धुवून भाईर यायचीस आणि भाजी चिराय बसायचीस. तुझं पुरतं रडून कधी झालंच न्हाय."

हे कुणालाच ठाऊक नाही असं मी पंचवीस वर्षं धरून चालले होते. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघता येईना.

"ह्या घराला दोन खोल्या हायत म्हणून हे घर धरलं," ती म्हणाली. "एक तुझी. तर तू दीड म्हैना दार सताड उघडं टाकून बसलीस आणि कढईसंगं बोलत ऱ्हायलीस."

मी पुन्हा टेकाड चढले. दादाला सांगितलं, गाडी काढू नकोस, ताप उतरतोय, आणि येत्या रविवारी कुणी येऊ नका. तो "अगं पण" म्हणाला तोवर मी फोन ठेवला होता. भावाला न विचारता काहीतरी ठरवून मोकळी व्हायची माझी ती पहिलीच वेळ.

मग मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. कडी गंजली होती, दोन्ही हातांनी सरकवावी लागली. कॉटवर बसले. वाटलं होतं, आता येईल रडू. येईना. समोर सारवलेली भिंत आणि मी. उगीच पदर सारखा केला. मग मालक आठवले. नेसरीला सुगीच्या दिवसांत ते ओल्या शेंगा फोडायचे आणि दाणे स्वतः न खाता माझ्या तळहातावर ठेवायचे, मी नको म्हणेपर्यंत. त्यांचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण ती बोटं आठवली, आणि मग जे सुरू झालं ते आमच्या घराण्याला शोभेल अशा आवाजात.

किती वेळ गेला कळलं नाही. कवाडाच्या फटीतून आत येणारं ऊन तांबडं झालं होतं. बाहेर दुधाची किटली वाजली. धुळाप्पा अंगणात आला असावा, आणि मी सवयीनं डोळे पुसून उठायला लागले.

फटीतून दिसलं, ऋतू गोधडी पांघरून माझ्या दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली होती. कधीपासून, कोण जाणे.

"आक्का कुठं हाईत? कोण रडतंय काय आत?" धुळाप्पानं विचारलं.

ऋतूनं बोट ओठावर ठेवलं. "आत्या कामात हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दूध तिथंच ठेवा आणि उद्या या."