जोडबाकाची हकीकत

श्री. फळ्यावरी प्रथम जिचे नाव लिहितात त्या शारदेस दंडवत घालून लिहिले ऐसे जे. शके एकोणीसशे सोळा, भावनाम संवत्सर, श्रावण मास. ते समयी एका राज्यात, ज्यास लोक शाळा म्हणत, नववीचे ठाणे यमुनाबाई कारखानीस यांचे हवाली होते. बाई मायाळू आणि न्यायी, परंतु आपले न्यायाचा अभिमान अंमळ बाळगून होत्या. त्यांचे अमलात छडी नव्हती. दोघांचे भांडण जाहले तर कोणी सुरू केले हे पुसावयाचे नाही. उभयतांस खिडकीजवळील एका बाकावर महिनाभर जोडीने बसवावे आणि मधले सुटीत एका डब्यात जेववावे, आणि महिना भरला की दोघांनी साऱ्या वर्गापुढे उभे राहून "आमचं मिटलं" ऐसे म्हणावे, मग मोकळे. त्या बाकास जोडबाक म्हणत. अकरा वर्षे हा शिरस्ता चालला आणि कैक हाडवैरी त्या बाकावरून गळ्यात गळा घालून उठले, म्हणोन परमुलखीचे मास्तर पाहावयास येत आणि बाई संतोष पावत.

ते साली ठाण्यात रेणुका म्हणोन एक मुलगी होती. अक्षर ऐसे की फळ्यावरील रोजचा सुविचार तिनेच लिहावा, परंतु बोलताना अडखळे; पहिले अक्षर ओठांवर येई आणि पुढे सरकेना. दुसरी चारुशीला, हुशार, हसतमुख, बाईंची लाडकी. ती बाईंची पाठ फिरली की रेणुकेची नक्कल करी आणि सारे ठाणे हसे. आषाढभर हे चालले आणि बाईंस गंधवार्ता नव्हती. मग श्रावण वद्य तृतीयेस रेणुकेने लाकडी पट्टी उचलोन चारुशीलेचे हातावर मारली आणि वळ उठला, आणि गलबला ऐकोन बाई धावत आल्या. रेणुकेने तोंड उघडले आणि "ती म... म..." इतके बोलोन अडकली. बाईंस तिची दया आली. म्हणाल्या, "राहू दे बाळ. मागचं उकरायचं नाही आपल्यात." आणि दोघींस जोडबाकावर बसविले. बाईंचे मनात दया होती यात संशय नाही, आणि घात जाहला तो तिथेच.

मग जे आधी लांबून चाले ते कानाशी चालू लागले. रेणुका एका डब्यातले दोन घास घेई आणि हात धुवी, आणि बाई दारातून पाहत आणि मनी म्हणत, औषध लागू पडले. सुविचार लिहावयास रेणुका येईनाशी जाहली. बाईंनी एकवार पुसले, तिने मान हलविली, आणि तपासणीस यावयाचे होते म्हणोन बाईंस पुढे पुसावयास सवड जाहली नाही. भाद्रपद वद्य तृतीयेस महिना भरला. चारुशीला उठली आणि चटकन म्हणोन बसली. मग रेणुका उठली. सारे ठाणे टपून होते की केव्हा अडकते आणि केव्हा हसू. तिने श्वास घेतला आणि "आमचं मिटलं" ऐसे एका दमात, स्वच्छ म्हणाली. बाईंचे डोळे भरून आले. तिला पोटाशी धरिले आणि शिक्षकखोलीत जाऊन सांगितले की आज जोडबाकाने पोरीस वाचा दिली.

दुसरे दिवसापासोन रेणुका आली नाही. आठवे दिवशी तिची आई गोदाबाई दाखला मागावयास आली. बाईंनी बहुत विनविले की पोर गुणाची आहे, वर्ष बुडवू नका. गोदाबाई पदराचे टोक पिळीत म्हणाली, "बाई, तुमचे ते दोन शब्द धड म्हनता यावेत म्हनून पंधरा दिस गोठ्यात म्हशीपुढं उभी ऱ्हाऊन घोकत हुती. म्हनली, आई, एकदा नीट म्हनलं की सुटले बघ." हे ऐकिले मात्र, बाईंचे अकरा वर्षांचे जे जे यश ते डोळ्यांपुढून गेले, आणि त्यात ऐशा आणखी किती, हे मोजवेना.

मग रविवारी बाई स्वतः तिचे घरी चालत गेल्या. रेणुका गोठ्यात शेण भरीत होती. बाई दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तू काय सांगत होतीस ते ऐकायला आलेय. कितीही वेळ लागू दे, मी बसते." रेणुकेने बहुत वेळ पाहिले. ओठ हलले, पहिले अक्षर आले आणि थांबले, आणि बाई थांबल्या. मग तिने श्वास घेतला आणि एका दमात, स्वच्छ म्हणाली, "आमचं मिटलं." आणि शेणाची पाटी उचलोन बाहेर निघून गेली.

पुढे जोडबाक मोडिला. कोणाचे भांडण आले की बाई आधी पुसत आणि उत्तर येईतो थांबत. आणखी नऊ वर्षे हे निष्ठेने चालविले, परंतु जिचे ऐकावयाचे होते तिचे राहिले ते राहिलेच. दप्तरी रेणुकेचे नावापुढे शाळा सोडण्याचे कारण "पालकांच्या विनंतीवरून" इतकेच लिहिले आहे, आणि खाली वर्गशिक्षिका म्हणोन बाईंची सही आहे. म्हणोन हे निराळे लिहून ठेविले. इति.