कोऱ्या पानावरची नात

लेकीने पुस्तकातल्या एका नावाभोवती पेन्सिलीने गोल केला आणि तपासनीसांच्या घशात चहा अडकला.

"बाबा, बाळाचं नाव हेच! 'पहाटेच्या दवासारखी निर्मळ'. उगम थेट वेदांतला. आणि पुस्तकही तुमच्याच हाताखालून गेलेलं!"

उगम वेदांतला नव्हता, मशीनच्या तेलाच्या डब्यावरचा होता. हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो आत्ता ठसकत होता.

तपासनीस तीस वर्षांपूर्वी छापखान्यात मुद्रितं तपासत. एका पंडितांचं संस्कृत नावांचं पुस्तक छपाईला आलं. फर्मा, म्हणजे एकदम छापून घडी घालायचा ताव, सोळा पानांचा, आणि शेवटच्या फर्म्यात मजकूर चौदा पानांतच आटोपला. मालक म्हणाले, "कोरी पानं दिसली तर गिऱ्हाईक बोंब मारेल. भरा काहीतरी." तपासनीसांनी संध्याकाळपर्यंत अडतीस नावं पाडली, अर्थांसकट. एकोणचाळिसाव्याला डोकं आटलं. समोर तेलाचा डबा होता. कंपनीच्या लांबलचक नावातली मधली तीन अक्षरं त्यांनी उचलली, वर दव शिंपडलं आणि घरी गेले. (ती अक्षरं इथे देत नाही. तुम्ही लगेच कुणाच्या तरी बाळाला चिकटवाल.)

आता सख्खी नात जन्मभर तो डबा मिरवणार!

"दुसरं बघ की एखादं," तपासनीस म्हणाले. "हे जरा तेलकट वाटतं."

"नाव तेलकट?" बायको म्हणाली. "अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

वाचवतील तर व्याहीच, असं तपासनीसांना वाटलं. व्याही संस्कृतचे निवृत्त शिक्षक. सोमवारी जन्मदाखल्यासाठी नाव नोंदवायचं होतं आणि त्यांनी जाहीर केलं होतं, "धातू सापडल्याशिवाय नात नोंदवायची नाही!" त्यांनी तीन शब्दकोश पालथे घातले. शब्द नव्हताच. तपासनीस खूश झाले, पण व्याह्यांना उलट चेवच आला.

"इतका दुर्मीळ शब्द! पंडितांनाच गाठू. चला, तुम्हीही चला."

पंडित 'हे माझं नव्हे' म्हणाले, की आयुष्यभराची अब्रू व्याह्यांदेखत चव्हाट्यावर. बायकोही हौसेने बरोबर निघाली.

पंडित नव्वदीचे. त्यांनी भिंगातून नाव पाहिलं आणि डोळे मिटले. तपासनीसांनीही मिटले.

"अहाहा! फार प्राचीन शब्द." पंडितांनी धातू सांगितला, प्रत्यय सांगितला, वर दोन ऋषींमध्ये मतभेदही लावून दिले. तपासनीसांनी श्वास सोडला. सुटलो!

"फक्त अर्थ चुकलाय," पंडित पुढे म्हणाले. "मी 'विजेसारखी तेजस्वी' लिहिलं होतं. मुद्रितं तपासणारा कुणी झोपाळू गाढव असणार."

इथे गप्प बसायचं होतं. बायकोने चिमटाही काढला. पण ज्याने उभ्या नोकरीत एक काना इकडचा तिकडे होऊ दिला नाही, तो माणूस ताडकन उभा राहिला.

"झोपाळू? एक अक्षर चुकलेलं नाही त्यात! अर्थ मी लिहिलाय! नावही मीच पाडलंय! तेलाच्या डब्यावरून!"

"व्याहीबुवा, सांभाळून बोला," व्याही दबक्या आवाजात म्हणाले. "यांनी धातू दिलाय. तुमच्याकडे पुरावा काय?"

पुरावा माळ्यावर होता. नोकरी सोडताना आणलेल्या त्या डब्यात तपासनीस खिळे ठेवत. घरी पोचताच त्यांनी खिळे जमिनीवर ओतले आणि डबा व्याह्यांपुढे आपटला. लेकीने ती तीन अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा पडला. "बाबा!"

व्याह्यांनी चष्मा पुसला, डबा उजेडात धरून दोनदा फिरवला. हळूहळू त्यांचे डोळे पाणावले.

"बघ सूनबाई! त्या काळी तेलवाल्यांनासुद्धा वेद पाठ असायचे."

मग पेन उघडून त्यांनी अर्जावर नाव लिहिलं.

"अर्थ मात्र विजेचाच धरायचा हं. छापखान्यातल्या माणसाचा काय भरवसा!"