शंभर दाणे, बहुमताने

धोका ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही! फुगा दिसला की मला तो फुटलेलाच दिसतो. माझ्या दीड वर्षाच्या लेकीला, भिंगरीला, बागेत नेते तेव्हा माझ्या पिशवीत इतकं सामान असतं, की शेजारीण विचारते, "कायमच्या निघालात का?" तेव्हा बदलत्या हवामानामुळे छोट्या शेतकऱ्यांपुढे कोणते धोके आहेत ते शोधणाऱ्या संस्थेत मला नोकरी लागली, यात नवल ते काय! फक्त नोकरी सहा महिन्यांची होती. आजची बैठक नीट पार पडली, तर संस्थेच्या मॅडम मला कायम करणार होत्या.

बेत चोख होता. गावाच्या सभागृहात जमिनीवर भलामोठा कागद. त्यावर मी रंगवलेली पाच चित्रं : दुष्काळ, अवकाळी पाऊस, ऊन, वारा आणि कीड. (माझी कीड आगगाडीसारखी दिसत होती, ते सोडा.) शेतकरी वीस, प्रत्येकाला पाच दाणे. ज्याची धास्ती जास्त, त्यावर जास्त दाणे ठेवायचे. दाणे मावशीनं तिच्या परसातून पाठवलेल्या टपोऱ्या, तांबड्या ठिपक्यांच्या घेवड्याचे. निघण्यापूर्वी तीनदा मोजले. शंभर, एकशे एक, शंभर. बहुमताने शंभर!

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, आज माझी डोळ्यांची तपासणी! थेंब घातल्यावर मला तू आणि कपाट सारखंच दिसतं. भिंगरीला कशी सांभाळू?"

झालं! भिंगरी बैठकीला.

दाणे वाटून झाल्यावर मी डबा तिच्या हाती दिला. ती खुळखुळ वाजवत बसली. थोड्या वेळानं खुळखुळही थांबली. मला हायसं वाटलं. सगळ्यांनी दाणे ठेवले, मी मोजले. नव्व्याण्णव!

पुन्हा मोजले. नव्व्याण्णवच! मी भिंगरीकडे पाहिलं. चेहरा देवासारखा, बोट नाकात.

"कोणी हलू नका!" मी किंचाळले. वीस माणसं बुजगावण्यांसारखी जागच्या जागी थिजली. "दाणा हरवलाय! हिच्या नाकात नाही तर पोटात!"

ट्रॅक्टरवाले काका मोबाइलचा दिवा लावून धावले. "ताई, या नाकपुडीत दाणा नाही. म्हणजे, आहे बरंच काही, पण दाणा नाही."

"दुसरी बघा ना!"

"बघत होतो, तर चावली की हो!"

"आधी जमिनीवर शोधा रे," कोणीतरी म्हणालं. वीसच्या वीस माणसं गुडघ्यांवर! दुष्काळ किडीत गेला, वारा खुर्चीखाली, अवकाळी पाऊस कोणाच्या तरी चपलेत. मी भिंगरीला उलटी धरून तिच्या पाठीवर थोपटत होते. आणि नेमक्या दारात मॅडम!

"हा कुठला टप्पा?"

"हा... हा लोकसहभाग, मॅडम!"

"पोरीला सरळ कर गं आधी!" मागून मळेवाल्या आजी ओरडल्या. त्यांनी मूठ उघडली. आत दाणा! "हा बघ. मी घेतलाय."

"आजी! मत द्यायचा दाणा होता तो!"

"मत गेलं उडत! आमचा जुना घेवडा आहे हा. दोन वर्षं ओळीनं उन्हानं फुलं गळली, बी धरलं नाही, गावातून वाणच गेला. आणि तू तो कागदावर सोंगट्यांसारखा मांडलास! एक तरी पेरू नको?"

"मग बाकीचे चार कुठे ठेवलेत?"

"त्या आगगाडीवर."

"ती कीड आहे!"

"असेल बाई! पण बी संपतं, त्याचं चित्र कुठे काढलं होतंस?"

ट्रॅक्टरवाले काका हळूच म्हणाले, "आजी, खरंच तोच वाण? मग मलाही दोन." पुढच्या मिनिटाला कागद साफ! कोणाच्या खिशात, कोणाच्या रुमालात. दुष्काळाला शून्य, किडीला शून्य, आणि माझ्या नोकरीलाही, असं मी मनाशी धरलं.

मॅडम मात्र वहीत भराभरा लिहीत होत्या. "पुढच्या वेळी चित्रं यांनाच काढू दे," त्या म्हणाल्या. माझा जीव टांगणीला! "पण शंभरातला एक दाणा गेला, तेवढंसुद्धा तुझ्या ध्यानात आलं. मोजणीला पक्की आहेस. तुला कायम केलं. आता आपल्या संस्थेच्या चाळीसही गावांचे दाणे तूच मोजायचे!"

घरी आले ती हवेत तरंगतच. "मोजणीला पक्की, म्हणाल्या!" मी सासूबाईंना चौथ्यांदा सांगत होते, तोच भिंगरी शिंकली.

टप्प!

थेंब घातलेल्या डोळ्यांनीही सासूबाईंना दिसला. "अगंबाई, घेवडा!"

एकशे एक. म्हणजे दुसरी मोजणी बरोबर होती!

मी दाणा पायाखाली झाकला. पण तुम्हीच सांगा, रिकामा डबा कधी खुळखुळतो का हो?